थॅडला ठेवायचं की सोडायचं

एरी, पेनसिल्व्हेनिया
८ जानेवारी १९९९

प्रिय ऑर्विल,

रविवारी मी फोन केला होता. ऐलानं उचलला. मागून तुमचा आवाज येत होता, "कोण आहे? कोण आहे?" ती बिचारी तीनदा "रोझलिन, रोझलिन" म्हणाली, आणि तुम्ही म्हणालात, "विमावाले असतील, ठेव!" म्हणून हे पत्र. कान गेले तरी डोळे अजून शाबूत आहेत ना?

फुटबॉलचा हंगाम संपला. आपला संघ, पायलट्स, आठ सामने जिंकला, आठ हरला. जानेवारीत बाकीचे खेळताहेत आणि आपण खिडकीतून बर्फ बघतोय. आता माझी परीक्षा. अकरा खेळाडूंचे करार संपलेत. बारा फेब्रुवारीला ते मोकळे होतील, मग ज्याला जो संघ बोलावेल तिकडे तो जाईल. पगाराची एकूण मर्यादा ठरलेली, त्यामुळे एकाला 'हो' म्हटलं की दुसऱ्याला आपोआप 'नाही' होतं. निवड-विभागाची प्रमुख म्हणून हे माझं पहिलंच वर्ष. शहरातल्या निम्म्या लोकांना वाटतं की बाईमाणसाला हे जमणार नाही. उरलेल्या निम्म्यांना खात्री आहे.

दहा जणांचं मी ठरवलंय. अडलंय ते थॅडवर.

तेहेतिसावं लागलंय त्याला. अकरा हंगाम आपल्या फळीच्या मधोमध उभा आहे. प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू होतो. दोन पायांमधून चेंडू मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरच्या दीडशे किलोच्या माणसाला डोक्यानं अडवायचं. आमचे कोच बक्स्टन म्हणतात, "त्याला ठेवा, बाकी कुणालाही विका, मला विका." पण गुडघा कुरकुरतो, आणि याच जागेवरचा एक सव्वीस वर्षांचा चांगला गडी क्लीव्हलंडकडून मोकळा होतोय. दोघं परवडणार नाहीत.

तुम्ही थॅडला अलाबामातल्या त्या कॉलेजात शोधलंत, जिथं मैदानावर गाई चरायच्या. नोव्हेंबरच्या सुट्टीच्या आठवड्यातही तो तुमच्याकडेच आला होता. (हात भाजून परत आला! तुम्ही त्याला शेगडीपाशी उभं केलंत कशाला? बक्स्टन आठवडाभर तुमच्या नावानं ओरडत होते.) त्याला तुमच्याइतकं कोण ओळखतं?

ऑर्विल, मी या कचेरीत टंकलेखक होते. तुमचे अहवाल टाइप करायचे. एकदा विचारलं होतं, "हा मुलगा हरलेल्या सामन्यात जास्त चांगला खेळलाय, मग तुम्ही नुसतं 'बरा' का लिहिलंत?" दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, "बाई, तू टाइप कर." तुम्ही दुसऱ्या दिवशी गाडीचं दार उघडून म्हणालात, "चल, तूच बघ." त्या दाराचे उपकार मी विसरलेले नाही. म्हणून पुन्हा विचारते: ठेवू की सोडू?

ऐलाचा खांदा कसा आहे? बर्फावरून गाडी घसरल्याला आता दोन वर्षं होतील ना?

तुमची,
रोझलिन

* * *

मुनिसिंग, मिशिगन
१४ जानेवारी

प्रिय रोझ,

डोळे शाबूत आहेत. तुझं अक्षर मात्र अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे.

इथं दारापर्यंत बर्फ. रोज सकाळी मी फावड्यानं वाट काढतो, रोज दुपारी आकाश ती बुजवतं. दोघांनाही दुसरं काम नाही. ऐलाचा हात खांद्याच्या वर जात नाही, पण पास्टीच्या करंज्या लाटायला खांद्याच्या वर न्यावा लागत नाही असं ती म्हणते. आज गाजराच्या केल्यात.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: थॅडला सोड. क्लीव्हलंडचा मुलगा घे.

कारण विचारू नकोस. पस्तीस वर्षं मी माणसं पारखून पोट भरलं. त्यात एक नियम शिकलो: एक वर्ष उशिरा सोडण्यापेक्षा एक वर्ष आधी सोडलेलं बरं. बक्स्टन ओरडेल, ओरडू दे. मला तसंही ऐकू येत नाही.

त्याला तू स्वतः जाऊन सांग. कागद पाठवू नकोस.

दाराच्या उपकारांचं लिहिलंस. तेव्हा माझा चष्मा फुटला होता आणि समोरच्या पाट्या वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. म्हणून नेलं. उगाच पुतळा उभारू नकोस.

ऑर्विल

* * *

एरी
२३ जानेवारी

प्रिय ऑर्विल,

पत्र चार वेळा वाचलं. खरं सांगते, पहिल्यांदा राग आला. अकरा वर्षांच्या माणसाबद्दल चार ओळी? तुम्ही नव्या पोरांच्या बुटांच्या मापावरही याहून जास्त लिहायचात.

मग वाटलं, हेच तर तुम्ही मला शिकवत आलात. माया एका खिशात, निर्णय दुसऱ्या खिशात. त्याच्यावर तुमचा इतका जीव असताना तुम्ही 'सोड' म्हणताय, म्हणजे गुडघ्यात मला न दिसलेलं काहीतरी तुम्हाला दिसलं असणार. माझ्या डोळ्यांपेक्षा तुमच्या डोळ्यांवर माझा जास्त विश्वास आहे. ठरवलं. बक्स्टननी दार इतक्या जोरात आपटलं की माझा कॅलेंडरचा खिळा पडला.

काल थॅडच्या घरी गेले. तो एकटाच होता. गॅसवर भेंडी आणि कोळंबीचा रस्सा उकळत होता. मला बघून म्हणाला, "अरे बापरे. तू गाडी घेऊन एवढ्या बर्फातून आलीस म्हणजे बातमी वाईट आहे. बस. आधी खा."

मी म्हणाले, "थॅड, आधी बोलू दे, नाहीतर घास उतरणार नाही."

"तू बोललीस तर माझा उतरणार नाही. मी दीडशे किलोचा आहे, माझं खाणं जास्त महत्त्वाचं."

खाल्लं. मग सांगितलं. त्यानं वाडगा बाजूला सारला. म्हणाला, "रोझ, अकरा वर्षं दर उन्हाळ्यात माझ्या नावापुढे कुणीतरी 'हो' लिहिलं. अकरा वेळा! आमच्या गावातल्या किती जणांना एकदा तरी असं 'हो' मिळालं? बाराव्यांदा नाही मिळालं म्हणून तुम्हाला शिव्या देऊ?"

मी रडले. प्रमुखानं रडू नये म्हणतात. त्यानंच उठून मला कागदी रुमाल दिला, दारापर्यंत आला, आणि म्हणाला, "ऑर्विलला विचारलं होतंस?"

मी खोटं बोलू शकले नाही. "हो," म्हणाले.

तो जरा हसला. "वाटलंच. म्हाताऱ्यानं शब्द पाळला म्हणायचं."

कसला शब्द? मी विचारलं, तर तो माझ्या गाडीवरचा बर्फ झटकायला निघाला. तुम्ही सांगाल?

रोझलिन

* * *

मुनिसिंग
२९ जानेवारी

प्रिय रोझ,

चांगलं केलंस. जे केलंस ते आणि जसं केलंस तेही. तुला गाडीत घेतलं त्याचा आज पहिल्यांदा अभिमान वाटला. आधी फक्त सोय वाटायची.

शब्दाचं काही नाही, गड्यागड्यांतली गोष्ट आहे.

आता तो गावी जाईल. डेमोपोलिसच्या शाळेला कोच हवाय असं त्याची आई अर्लीन लिहीत होती. पोरांना शिकवेल, आईच्या हातचं खाईल, जाड होईल. मला झोप लागायला लागली आहे, खूप दिवसांनी.

तू मात्र झोपू नकोस. बारा तारीख जवळ आली.

ऑर्विल

* * *

एरी
१३ फेब्रुवारी

प्रिय ऑर्विल,

काल बाजार उघडला. सकाळपासून तीन फोन आणि एक फॅक्स यांच्यामध्ये मी वेड्यासारखी पळत होते. क्लीव्हलंडचा गडी आपल्याकडे आला. दहा जणांपैकी सात राहिले, तीन गेले, गेलेल्यांतल्या दोघांनी जाताना फोन करून आभार मानले. वर्तमानपत्रानं माझ्याबद्दल लिहिलंय, 'कुमारी हूदाक यांनी पहिल्या दिवशी तरी घर जाळलेलं नाही.' आमच्याकडे याला कौतुक म्हणतात.

आता मुख्य बातमी. तुम्ही बसून वाचा.

थॅड गावी जात नाहीये. दुपारी दोनच्या आत सॅन अँटोनिओच्या संघानं त्याला उचललं. तीन वर्षं! त्यांच्या फळीचा मधला माणूस निवृत्त झालाय, त्यांना अनुभवी गडी हवाच होता. आपण त्याला सोडतोय हे कळल्यावर त्यांचा माणूस वाटच बघत होता म्हणे. तोंडी ठरलंय. तो सध्या आईकडे आहे. सोमवारी, बावीसला, विमानानं जाईल, त्यांचे डॉक्टर गुडघे तपासतील आणि सही होईल.

तुम्हाला खोटं वाटेल इतका आनंद झाला मला, ऑर्विल. 'नाही' मीच म्हटलं होतं ना! त्याला दुसरीकडे तिप्पट मोठं 'हो' मिळालं. माझ्या मनावरचा दगड उतरला. आता तुम्ही चुकलात असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. पुढच्या हंगामात तो आपल्याच विरुद्ध खेळून आपल्याला आडवं करेल, तेव्हा मी तुम्हाला पत्र लिहून शिव्या देईन.

फक्त एकदा सांगा, तुम्हाला त्याच्या गुडघ्यात काय दिसलं होतं? शिकायचं म्हणून विचारते.

रोझलिन

* * *

डेमोपोलिस, अलाबामा
२४ फेब्रुवारी

प्रिय रोझ,

गाव वाचून चकित झाली असशील. तुझं पत्र सतराला दुपारी आलं. तासाभरात आम्ही निघालो. दोन दिवस गाडी ऐलानं चालवली. मी का नाही चालवली ते पुढे येईल.

गुडघ्यात मला काहीच दिसलं नव्हतं. तो गुडघा अजून पाच वर्षं जाईल.

नोव्हेंबरात थॅड आला होता तेव्हा आम्ही दोघं घरामागच्या साउनात, वाफ घ्यायच्या खोलीत, बसलो होतो. तो त्या कॉलेजातल्या गाईंची गोष्ट रंगवून सांगत होता. मला ऐकू येत नाही, पण त्याचे हातवारे बघून हसू येतं. सांगता सांगता त्यानं उजवा हात टेकला तो थेट शेगडीच्या लोखंडावर. लाल झालेल्या लोखंडावर, रोझ. आणि तो बोलतच राहिला. हसत, बोलत. मला वास आला. मी झेप घेऊन त्याचा हात ओढला. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे. दुखलं म्हणून नव्हे, मी ओढला म्हणून!

मग त्यानं कबुली दिली. सप्टेंबरात एका धडकेनंतर मानेतून वीज गेल्यासारखं झालं. तेव्हापासून उजव्या हाताची बोटं आपली वाटत नाहीत. कुणाला सांगितलं नव्हतं. मला म्हणाला, "ऑर्विल, शब्द दे. कुणालाही बोलायचं नाही. हे शेवटचं वर्ष, मग मी स्वतःच थांबतो." त्याला जळलेला हात घेऊन बसलेलं बघून मी शब्द दिला. म्हातारा माणूस मूर्ख नसतो असं कोण म्हणतं?

जानेवारीत तू विचारलंस. शब्द मोडायचा नव्हता आणि त्याला मैदानावर जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून हुशारी केली. तुला निर्णय सांगितला, कारण ठेवून घेतलं. वाटलं, तुम्ही सोडलंत की तो घरी जाईल. पस्तीस वर्षं या धंद्यात काढली, पण मोकळ्या झालेल्या माणसाला दुसरा कुणी उचलतो ही साधी गोष्ट मला सुचली नाही. त्याला ओळखणाऱ्या लोकांतून काढून मी त्याला अनोळखी लोकांत पाठवत होतो. त्यांचे डॉक्टर गुडघे बघणार. बोटांचं कोण विचारणार?

शुक्रवारी दुपारी पोचलो. तो अंगणात आईच्या कोंबड्यांचं जाळं नीट करत होता. डाव्या हातानं. मला बघून त्याचा चेहरा उतरला. तो माझ्या समोर येऊन सावकाश बोलतो, मला ओठ वाचता यावेत म्हणून. त्या दिवशी इतका चिडला होता तरी सावकाशच बोलला.

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता," मी म्हणालो. "परत मागायला आलोय."

"असा परत मिळत नसतो."

"मग मी कुणाला सांगणार नाही. पण सोमवारपर्यंत या अंगणातून हलणारही नाही. कोंबड्यांत झोपेन."

"म्हाताऱ्या, तीन वर्षं मिळतायत मला! आत्ताच कुठे कुणीतरी म्हणालं की मी संपलो नाही."

मग मी त्याला ते सांगितलं जे तुलाही सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही. आमची गाडी बर्फावरून घसरली नव्हती, रोझ. मला तेव्हाच ऐकू येईनासं झालं होतं. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं, म्हाताऱ्याला घरी बसवतील म्हणून मी लपवलं. फाटकाशी मालगाडीची शिट्टी वाजली. ऐलाला ऐकू आली, ती ओरडली. मला दोन्ही ऐकू आलं नाही. इंजिनानं गाडीचा मागचा कोपरा उडवला. तिचा खांदा तिथं गेला. "बर्फावर घसरली असं सांगू," हे ती दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाली. माझी लाज झाकायला. आजही तिला वरच्या फळीवरचं पीठ काढायचं असलं की मला हाक मारते, आणि मला हाक ऐकू येत नाही.

थॅड खाली बसला, जाळ्याच्या तारांपाशीच. म्हणाला, "मला भीती वाटते, ऑर्विल. फुटबॉल नसेल तर मी कोण, ते मला माहीत नाही."

"मलाही माहीत नाही," मी म्हणालो. "पण चाकांच्या खुर्चीला खिळलेला थॅड कोण, ते मला शोधायचं नाहीये."

तेवढ्यात अर्लीन दारात आली. पाच फूट उंच, साठी उलटलेली. ती आमच्याकडे बघत होती. मी तोंड घट्ट मिटून उभा. मग थॅडनंच हाक मारली, "आई, जरा ये."

तिनं सगळं ऐकलं. ओरडली नाही. त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट दाबत विचारत गेली, तो लहान असताना तापात विचारत असेल तसं. "हे कळतं? हे?" करंगळीजवळ तो म्हणाला, "थोडंसं." मग तिनं तो हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "परमेश्वरा, याला धडधाकट घरी आणलंस, तुझे उपकार." झाल्याबद्दल एक शब्द तक्रारीचा नाही. फक्त आभार. मी आयुष्यभर माणसांची ताकद मोजली, पण अशी ताकद माझ्या कुठल्याच अहवालात आली नाही.

सोमवारी तो विमानात बसला नाही, बर्मिंगहॅमला गेला. यंत्रातून मानेचं चित्र काढलं. डॉक्टरांनी पेन्सिलीनं दाखवलं, मज्जारज्जूची वाट एका जागी दाबून दोरीएवढी झालीये. अशीच एक समोरासमोर धडक बसती तर मानेखालचं काही हललं नसतं. बाहेर आल्यावर थॅडनं पहिला फोन सॅन अँटोनिओला केला, स्वतः. त्यांचा माणूस चांगला निघाला. म्हणाला, "सांगितल्याबद्दल ऋणी आहे, मुला. बरा हो." नऊ मार्चला शस्त्रक्रिया.

तुला आधीच सांगायला हवं होतं. क्षमा मागतो. ती द्यायची की नाही हा निर्णय तुझा, आणि या वेळी कारण पूर्ण दिलंय.

ऑर्विल

* * *

एरी
१ मार्च

प्रिय ऑर्विल,

पत्र वाचलं, कोट घातला, आणि गोठलेल्या तळ्याकाठी तासभर चालले. थोडा वेळ तुम्हाला मोठ्यानं शिव्या दिल्या. एक कुत्रा घाबरून पळाला.

तुम्ही मला डोळे बांधून निर्णय घ्यायला लावलात. मी तुमच्या नावावर आणि विश्वासावर एका माणसाला जवळजवळ खुर्चीत नेऊन बसवलं होतं. आणि आनंदानं! "तिप्पट मोठं हो" असं मीच लिहिलं होतं. ते पत्र परत मागून फाडून टाकावंसं वाटतं. हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे, कारण आपण दोघांनी आता काहीच लपवायचं नाही असं मी ठरवलंय.

तर मग माझंही ऐका.

ऑक्टोबरात सामन्यांच्या फिती बघताना मला दिसलं होतं की थॅड दोन सामने चेंडू डाव्या हातानं मागे देतोय. अकरा वर्षांत त्यानं तसं कधी केलं नव्हतं. मी फीत थांबवली, मागे नेली, पुन्हा बघितली. वहीत लिहिलं, 'डावा हात, का?' आणि विचारलं नाही. आम्ही तेव्हा सलग चार जिंकलो होतो. चालत्या गाडीला कोण हात लावतो? नोव्हेंबरात तो हात बांधून आला, म्हणाला शेगडीवर भाजला. मी हसले आणि दोष तुम्हाला दिला. ती वही आज काढली. पान समोर आहे. प्रश्न लिहिलेला, उत्तराची जागा कोरी.

म्हणजे बघा, तुम्ही शब्दापायी गप्प राहिलात. मी तर कुणाला शब्दही दिला नव्हता.

आज सकाळी बक्स्टनना आणि आमच्या डॉक्टरांना बोलावून ते पान दाखवलं. मला वाटलं होतं नोकरी गेली. बक्स्टननी पान वाचलं, म्हणाले, "मीही बघितलं होतं." बास, एवढंच. मग आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. यापुढे हंगाम संपला की करार ठेवायचा असो वा सोडायचा, जाणाऱ्या-राहणाऱ्या प्रत्येक खेळाडूची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी होईल, आणि जो सांगेल त्याला सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही. म्हाताऱ्या मालकांनी वाद न घालता सही केली.

क्षमेचं विचारलंत. ऑर्विल, तुम्ही सत्याहत्तराव्या वर्षी दोन दिवस गाडीत बसून आपली लाज एका अंगणात जाऊन उघडी केलीत, म्हणून तो माणूस चालतोय. मी क्षमा कशाची करू? आभार मानते. ऐलाचे जास्त, कारण गाडी तिनं चालवली.

आणखी एक. थॅड आता कुठल्याच संघाचा नाही. मोकळा खेळाडू म्हणून त्याचं नाव यादीत नुसतं लटकतंय. तसं ते राहू द्यायचं नाही मला. मी त्याला करार देतेय. एका दिवसाचा. सही करायची आणि त्याच दिवशी आपला पायलट म्हणून निवृत्त व्हायचं. जानेवारीत जे 'नाही' मी त्याच्या स्वयंपाकघरात ठेवून आले होते ते मला परत उचलायचंय. फोन केला तर म्हणाला, "रोझ, बारावं 'हो'!"

चोवीस एप्रिल, शनिवार, दुपारी. तुम्ही दोघं या. पुढच्या रांगेत जागा ठेवते.

तुमची,
रोझलिन

* * *

मुनिसिंग
२९ एप्रिल

प्रिय रोझ,

परवा घरी पोचलो. बर्फ वितळलाय, माझं फावडं बेकार झालं.

त्या दिवशी गर्दीत तुझ्याशी धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. भाषणं झाली, त्यातला एक शब्द मला कळला नाही. बक्स्टन बोलताना रुमाल काढत होता एवढं दिसलं. थॅड गळ्याला तो पांढरा पट्टा लावून, ताठ मानेनं सहीला बसला. पेन उजव्या हातात होतं. सही करायला त्याला वेळ लागला, आणि कुणी घाई केली नाही. अर्लीन निळी टोपी घालून राणीसारखी बसली होती. क्लीव्हलंडहून आलेल्या तुझ्या नव्या गड्यानं तिच्यासाठी खुर्ची ओढली ते मी पाहिलं. चांगला मुलगा घेतलास. पारख माझ्याहून बरी आहे.

मग थॅड बोलायला उभा राहिला. तो खूप वेळ बोलला. माझ्यासाठी ऐलानं कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागे सगळं उतरवून घेतलंय, आणि ते मी घरी येताना गाडीत वाचलं. त्यानं नावं घेऊन आभार मानले. कपडे धुणाऱ्या बाईंचे. बस चालवणाऱ्याचे. भटारखान्यातल्या हेक्टरचे. ज्यांनी त्याला आडवं केलं त्या समोरच्या गड्यांचे. सॅन अँटोनिओच्या त्या भल्या माणसाचे. तुझे, आणि तुझ्या रडण्याला पुरून उरलेल्या कागदी रुमालांचे. (त्यावर लोक हसले असं ऐलानं कंसात लिहिलंय.) एकतीस नावं. मी दोनदा मोजली. माझं नाव त्यात नाही.

मी ऐलाला म्हणालो, "माझं तेवढं उतरवायला विसरलीस वाटतं. जाऊ दे, एवढ्या गर्दीत राहिलं असेल."

तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. पूर्ण थांबवली. माझ्याकडे वळून सावकाश म्हणाली, "मूर्ख माणसा, तुझ्या वेळी तो थांबला होता ना!"

आणि ते खरंच होतं, रोझ. मधेच तो बोलायचा थांबला होता. कागद खाली ठेवला, दोन पावलं पुढे आला आणि थेट माझ्याकडे बघून, सावकाश, नुसते ओठ हलवले. "थँक यू, ऑर्विल." मला वाटलं तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलतोय. ऐला म्हणते, आवाज काढलाच नव्हता त्यानं. त्या अख्ख्या सभागृहात ते वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही. ते फक्त मला कळलं.

मी बसल्या जागेवरून उत्तर दिलं होतं. मला वाटलं हळूच, शेजाऱ्यालाही कळणार नाही असं बोललो. पण माझा आवाज मला कुठे मोजता येतो? ऐला सांगते की त्या शांततेत मी खच्चून ओरडलो, "तू घरी आलास ना, पोरा? मग झालं!" आणि तुम्ही सगळे उभे राहिलात.

मी समजत होतो, तुम्ही त्याच्यासाठी उभे राहिलात.

तुझा,
ऑर्विल